चावीवाल्या काकांची गरम भिंत

चावीवाल्या काकांच्या दारात चपलांचा नुसता खच पडला होता. आत बैठकीच्या खोलीत माणसं भिंतीला चिकटली होती. कुणी पाठ टेकली होती, कुणी गुडघा, एका आजोबांनी तर चक्क गाल! भिंत गरम होती. ना ऊन, ना शेगडी, तरी गरम.

"वर्षानुवर्षांचं मौन मी या भिंतीत ओतलंय," काका डोळे मिटून सांगत होते. मौन म्हणे! हा माणूस फाटकात दिसला की त्याच्या बडबडीच्या भीतीनं पोस्टमन रस्ता बदलायचा.

ताई दारातच थबकली. वस्तीतल्या शाळेत तिनं जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. आणि तिचाच धाकटा भाऊ तिथं खुर्ची ओढून, उजव्या पायाचा तळवा भिंतीला लावून बसला होता.

"ताई, पायांची आग थांबली गं! डॉक्टरांना इतकी वर्षं जमलं नव्हतं ते."

"आणि इन्सुलिन?"

"बंद. काका म्हणाले, सुई आणि तेज एका देहात नांदत नाहीत."

"अरे, साखर आहे तुला! जीव जाईल."

"तुझं आपलं सगळ्यातच विज्ञान!"

लोक हसले. भावजय रडून थकली होती, ताई बोलून. पालथ्या घड्यावर पाणी.

घरी निघालेली ताई शेजारच्या फाटकाशी थांबली. या वस्तीत घरं जोडीजोडीनं बांधलेली, मधली भिंत सामाईक, तीही एकेरी विटेची. भिंतीपलीकडचं हे कुटुंब परदेशात होतं, घराला कुलूप. पण फाटकाजवळच्या पेटीत विजेचं मीटर गरगर फिरत होतं. रिकाम्या घरात वीज कोण खातंय? तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गावाला जाताना सगळेच झाडांना पाणी घालायला चावी ठेवून जायचे, ती याच काकांकडे. त्यावरूनच तर नाव पडलं होतं!

तिनं मालकांना फोन लावला. "उघडा की खुशाल," ते म्हणाले. "चावी काकांकडेच आहे."

फोन हातात धरूनच ती परत आत शिरली. "काका, शेजारची चावी द्या."

"चावी? ती... हरवली."

"मग कुलूप फोडते. मालक फोनवर आहेत."

चावी लगेच सापडली, काकांच्याच खिशात.

सगळे मागोमाग आले. बंद घरात भिंतीला भिडवून एक मोठा हीटर ठेवलेला, मागे पत्रा लावलेला, म्हणजे ऊब इकडंतिकडं जायला नको. ताईनं बटण बंद केलं. काका तेवढ्यात मागच्या दारानं पसार झाले. ताई परत भावाकडं आली.

"हीटर असेल," भाऊ अजून खुर्चीतच होता, "पण माझी आग खरंच थांबली ना?"

तिनं त्याचा पाय भिंतीपासून उचलला. तळव्याला भाजल्याची मोठी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या.

"दुखत नाही?" तिनं कडेला दाबून पाहिलं.

"काय दुखायचंय?"

ताईला उलगडा झाला. आग बरी झालीच नव्हती. साखरेनं पायाच्या नसा मेल्या होत्या, म्हणून कळ थांबली. ज्याला चमत्कार म्हटलं तो रोगाचा पुढचा टप्पा होता. आणि तासन्‌तास भिंतीला टेकलेल्या त्या मुक्या पायाला हीटर रोज भाजत होता.

पाय वाचला नाही. घोट्याच्या वर कापावा लागला.

दवाखान्यात शेजारीपाजारी भेटायला आले. "नशिबाचे भोग," कुणी पुटपुटलं. एक बाई हळूच म्हणाली, "पण ताई, माझा गुडघा खरंच दुखायचा थांबला होता हो!"

ताईनं सगळ्यांकडं पाहिलं. यातले निम्मे तिचेच विद्यार्थी. पळीचं एक टोक तापवलं की दुसरं तापतं, हे तिनंच त्यांना दाखवलं होतं. भाऊही त्याच वर्गात होता. तिला हुंदका आवरेना.

"शेकलं की गुडघ्याला बरं वाटतंच गं. घरी गरम पाण्याची पिशवी घे," ती म्हणाली. "आणि नशीब नका म्हणू याला. हात जोडते तुमच्यापुढं. भिंत गरम लागली तर पलीकडं काय आहे ते आधी जाऊन बघा. दुखणं थांबलं तर का थांबलं ते डॉक्टरला विचारा. कुणाच्याही सांगण्यावरून औषध सोडू नका. मला हे माझ्या भावाला पटवता आलं नाही. तुम्ही तरी ऐका."