दादाच्या बाटलीतली वस्ती

दादाने माझ्या सगळ्या बाटल्या सिंकमध्ये उपड्या केल्या आणि वरून उकळतं पाणी ओतलं. घरात जंत नकोत म्हणे. दादाचं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने नुसता पोटावर हात ठेवला तरी हा जंताची गोळी काढतो. त्याच्याच सख्ख्या भावाने ओट्यावर जंत पाळले, ते त्याला पचणार कसं?

पण माझ्या फायटर माशांना पहिल्यांदाच पिल्लं झाली होती. पापणीच्या केसाएवढी. दुकानातल्या पावडरचा कण त्यांच्या तोंडात मावत नाही. जिवंत, वळवळणारंच लागतं, आणि आज नाही मिळालं तर उद्या टाकी रिकामी. व्हिनेगरमधले जंत त्यासाठीच. बाटलीच्या मानेत कापूस कोंबून वर साधं पाणी भरलं, की हवा घ्यायला आपणहून वर येतात. ड्रॉपरने उचलायचे, टाकीत सोडायचे.

सगळेच जंत काही पोटात राहत नाहीत, हे मी दादाला समजावून दमलो होतो. कोणी मातीत राहतं, कोणी समुद्रात, कोणी झाडाच्या मुळांत. हे आपले आंबटशौकीन, व्हिनेगर सोडून कुठे करमत नाही त्यांना. दादा म्हणाला, कुठेही राहू देत, माझ्या घरात नाही.

मला तेवढंच हवं होतं.

दादा घरी सफरचंदाच्या सालींचं व्हिनेगर करतो. जेवणाआधी चमचाभर स्वतः घेतो, आम्हाला पाजतो, गल्लीभर त्याचं कौतुक सांगतो. जेवायला बसलो तशी मी त्याची ती गढूळ बाटली उचलली, मागे टॉर्च धरला आणि वहिनींना बोलावलं.

वहिनींनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, हे तर नाचतंय सगळं."

दादा माझ्यावरच घसरला. तूच सोडले असणार, तुझी खोड मी ओळखतो वगैरे.

"सोडले नाहीत रे, नेले," मी म्हटलं. "माझ्या बाटल्यांचं बियाणं तुझंच. तुझ्याकडे कधीचे सुखाने नांदतायत."

मग त्याच्यादेखत चमचाभर ओतून पिऊन टाकलं. वहिनींनी डोळे मिटले. मला काय होणार? पोटात गेले की मरतात बिचारे.

"आता ओत सिंकमध्ये," मी म्हटलं. "पाणी मी उकळतो."

दादाने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओतली तर गल्लीत काय सांगणार? वहिनी तोंडावर हात दाबून गदगदा हलत होत्या. शेवटी त्याने झाकण लावलं आणि वरण वाढायला सांगितलं.

जेवण होताच मी त्यातलंच कपभर काढून घेतलं, विचारलं नाही. संध्याकाळी पिल्लांची पोटं टम्म.

माझ्या बाटल्या आता पुन्हा ओट्यावर आहेत, दादाच्या बाटलीला अगदी खेटून. दिसायला सारख्या. वहिनी म्हणतात, भावजी, निदान नावाच्या चिठ्ठ्या तरी लावा. लावीन की. घाई काय आहे?