उरलेल्या पैशांची बरणी

मी बरणी बोलतेय. काचेची, रुंद तोंडाची, झाकण हरवलेली. जरा लांबूनच ऐका, हात आत घालू नका. कोणाचा हात आत आला की मी आधी बोटं मोजते.

भट्टीतून निघाले ती थेट एका गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात आले. तिथला दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बोटांवर डोळा ठेवायचा, अगदी सख्ख्या मेव्हण्याच्याही. संशय मी त्याच्याकडूनच शिकले.

दुकान बंद पडलं तेव्हा एका रंगाऱ्याच्या बायकोने मला घरी नेलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर बसवलं. आमची बाई भारी कडक. दर सोमवारी आठवड्याच्या खर्चाचे पैसे माझ्यात ठेवायची. भाजी, दूध, साबण, बसभाडं, सगळं त्यातच भागवायचं. पैसे घेताना कशासाठी ते मोठ्याने सांगायचं आणि उरलेली चिल्लर परत टाकायची, असा घरचा नियम.

रंगाऱ्याची कामं तेव्हा कमी झाली होती. शुक्रवारीच माझा तळ दिसायचा आणि नवरा-बायकोची जुंपायची.

"चहावर किती उडवलेत?"

"आणि तुझा साबण काय हवेत विरघळतो?"

मग एका आठवड्यात पैसे पुरले. वर थोडे उरलेसुद्धा. बाई खूश झाली, मला मात्र शंका आली. दुधाचा भाव उतरला नव्हता आणि खाणारी तोंडं तेवढीच होती.

एका दुपारी घरात दुसरं कोणी नसताना बाईचे सासरेबुवा चोरपावलांनी आले. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, हात अजून हलका. मिटलेली मूठ माझ्यात शिरली. सापडला चोर, मी मनात म्हटलं. पण मूठ उघडली आणि घडी घातलेली नोट खाली पडली. त्यांना औषधापुरती पेन्शन मिळायची. म्हणजे त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पैसे माझ्यात येत होते! तरी मला वाटलंच, आज ठेवतोय, उद्या दुप्पट नेईल. माणसाचा काय भरवसा?

आणि बाईने काय करावं? पैसे उरतात म्हणून तिने पुढच्या आठवड्याची रक्कमच कमी केली. "एवढ्यात भागतंय की! उरलेले घरभाड्याला होतील." सासरेबुवांनी मान डोलावली. रक्कम घटली, तशी त्यांना जास्त भर घालावी लागली. पुन्हा पैसे उरले, पुन्हा तिने रक्कम कमी केली. इकडे सासरेबुवा भिंत धरून चालू लागले. मला फार वाईट वाटायचं, पण काचेचा आवाज होतो तो फुटल्यावरच.

एक दिवस औषधवाला बाईला रस्त्यात भेटला. "बाबा हल्ली फिरकत नाहीत. दुसरीकडून घेतात का गोळ्या?"

घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला विचारलं, "मग पेन्शन जाते कुठे?"

"पत्त्यांचा नाद लागला असेल पुन्हा," रंगारी म्हणाला.

"तसं असेल तर बरणीलाही हात लावायचे."

सोमवारी तिने माझ्यात पैसे ठेवलेच नाहीत. सगळे पदराआड घेऊन कामाला गेली.

दुपारी सासरेबुवा आले आणि मला रिकामी बघून चपापले. "संपले? आत्ताच?" धरत धरत ते खोलीत गेले, पेन्शनचं पाकीट घेऊन आले आणि सगळंच्या सगळं माझ्यात रितं केलं.

संध्याकाळी बाईने मला पाहिलं आणि तशीच उचलून सासरेबुवांपुढे ठेवलं.

"बाबा, हे पैसे कोणी ठेवले?"

"तुझेच असतील."

"माझे कसे असतील? तुमच्या हाती लागू नयेत म्हणून माझे मी घेऊन गेले होते!" बोलता बोलता तिला रडू फुटलं.

सासरेबुवांनी मला बाजूला सारलं. मग म्हणाले, "शुक्रवारी तुम्ही भांडता ना पोरी, ते ऐकवत नाही गं मला."

तिने नोटा उचलल्या आणि तशीच औषधांच्या दुकानाकडे धावली.

आता मी शुक्रवारी पुन्हा रिकामी होते. भांडणं होतात, पण खालच्या आवाजात. माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे: पैसे कमी पडले की घरात सगळे चौकशी करतात. उरले तरी करा. कोणाच्या तोंडचे उरले, तेही विचारा.

आज सकाळी सासरेबुवांनी बाईसमोर गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले. तिचा विश्वास बसला, ती कामाला लागली. माझा नाही बसला. मी त्यांच्या गळ्याकडे बघतच राहिले.

गिळली एकदाची.