सातव्या भागाची धाप

हेरपटांच्या त्या मालिकेचे अकरा भाग, आणि त्यातला सातवा म्हणजे सगळ्यांनी हसायला ठेवलेला. जुन्या रिळांवरून कंपनी एकेक भाग नव्यासारखा करून घेत होती. सातवा तेवढा भंगारात जाणार होता. त्याच्या शेवटच्या, छोट्याशा रिळाची एकच प्रत उरली होती आणि तीही आंबट वास मारत होती.

संकलन खात्यातल्या ताई साहेबांच्या टेबलापुढे उभ्या होत्या. त्या रिळात त्यांच्या बाबांचा आवाज होता. नायकाचा घसा बसला म्हणून एवढं एक रीळ बाबांनी त्याच्या वतीनं बोलून दिलं होतं. पुढे घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला. घरात त्या आवाजाचा एक तुकडाही नव्हता. पण हे सांगावं तर घरचं रडगाणं ऑफिसात आणलं म्हणतील. म्हणून ताईंनी त्याबद्दल तोंडाला कुलूप लावलं आणि सिनेमाची बाजू घेतली.

"रटाळ आहे हो," साहेब म्हणाले. "अर्धा वेळ हेर खोलीत बसून फोनची वाट बघतो."

"घाबरलाय तो! बाकीच्या भागांत हा गडी गच्चीवरून उड्या मारतो आणि भांगसुद्धा मोडत नाही. इथे शेवटी जिना चढताना त्याला धाप लागते, दारापाशी पोचल्यावर आतल्या माणसाचं नाव आठवत नाही. अख्ख्या मालिकेत माणूस म्हणावा असा हेर हा एकच आहे, साहेब."

त्या दृश्यासाठी बाबा स्टुडिओचा जिना खालीवर पळाले होते आणि तसेच माइकपुढे उभे राहिले होते. तोंडानं काढलेली खोटी धाप त्यांना चालत नसे. पायरीवर बसलेल्या लहानग्या ताई तेव्हा खदखदून हसल्या होत्या.

त्या बोलत राहिल्या, आणि साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "पटलं," ते म्हणाले.

"मग आत्ताच लावा. रीळ सडलंय, नक्कल काढायच्या यंत्रातून एकदाच निघेल."

साहेबांनी फोन उचलला. "सातव्याचं रीळ घ्या. हो, लगेच. आणि यंत्राचा आवाज टिपणारा भाग काढून ठेवा, रिळाला उगाच घासायला नको. आवाज आपण नवीन देऊ, एखाद्या नावाजलेल्या नटाचा." फोन ठेवून ते खुशीत म्हणाले, "त्या घोगऱ्या आवाजानंच मारला होता हो सिनेमा."

ताई ओरडल्या, "नको! चित्र गेलं तरी चालेल. भिकार आहे तो सिनेमा. आवाज घ्या!"

"अहो, आत्ता तर तुम्हीच..."

"माझे बाबा आहेत ते!"

साहेबांनी घाईघाईनं पुन्हा फोन लावला. लागेना. काम सुरू झालं की यंत्रवाला फोन बाजूला काढून ठेवतो, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. ताई पळत सुटल्या. यंत्राची खोली अगदी वरच्या मजल्यावर होती. जिन्यात चप्पल निसटली, ती तशीच राहिली.

त्या दारात पोचल्या तेव्हा यंत्र थांबलं होतं. फिल्मचा भुगा टोपलीत पडला होता. यंत्रवाला पाठमोरा बसून, घेतलेलं चित्र पडद्यावर तपासत होता. हेर जिना चढत होता. तोंड उघडं, छाती वरखाली होतेय, आणि आवाज नाही.

यंत्रवाल्यानं कान टवकारले. "आवाज तर काढून ठेवला होता," तो मान न वळवता पुटपुटला. "मग ही धाप कुठून येतेय?"

ताईंनी बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर पडली ती नुसती धाप.