आत्याच्या गोष्टीत मी केलेली खरखर

मित्रांनो, डोंगरावरच्या शाळेत फळ्याशेजारी जो जुना रेडिओ दिसतो ना, तोच मी. माझं एक बटण तुटलं आहे, पण ऐट शाबूत आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या दिवाणखान्यात गाणी म्हणत बसेन. नशिबी आली ही शाळा. इथे धड रस्ता नव्हता, गणित शिकवायला कुणी नव्हतं. दूरच्या रेडिओ केंद्रावरून पाठ यायचे. अपूर्णांक, हवामान, ताप आला तर काय करायचं, सगळं पोरं माझ्याच तोंडून शिकली. शाळेतल्या एकुलत्या एक बाई मला रोज फडक्याने पुसत म्हणायच्या, "हा आहे म्हणून शाळा आहे." माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, म्हणजे रेडिओला चढेल तेवढं.

पण शनिवारी मेंढ्या राखणारी म्हातारी यायची. सगळ्या पोरांची ती आत्या. ती आली की बाई मला बंद करायच्या. आत्या या खोऱ्याच्या गोष्टी इथल्याच बोलीत सांगायची. माझ्या पाठाला जांभया देणारी पोरं तिच्यापुढे डोळे विस्फारून बसायची! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा केंद्राची माणसं आली आणि तिची सर्वांत लांब गोष्ट फितीवर भरून घेऊन गेली. पुढे घशाच्या शस्त्रक्रियेत आत्याचा आवाज कायमचा गेला. ती गोष्ट माझ्यावर लागायच्या दिवशी सारं गाव शाळेत लोटलं. आत्या गळ्याला पट्टी बांधून समोरच बसली.

तिचा आवाज माझ्याच पोटातून निघाला आणि लोक रडू लागले. माझ्यासाठी कधी कुणी रडलं होतं? मी असा जळलो, की ऐन शेवटाला नुसती खरखर केली.

"अगं बाई, शेवटच गेला!" बाई म्हणाल्या. "सेल उतरले वाटतं."

सेल नव्हते उतरले, मित्रांनो.

गोष्ट पुन्हा लावाल का, असं बाईंनी केंद्रात विचारलं, तर तोवर ती पुसून त्या फितीवर दुसराच पाठ भरला गेला होता. पुढच्या शनिवारी हे कळलं, तेव्हा आत्या शाळेत मान खाली घालून बसली. तशी तिची धाकटी नात उठली.

"मी सांगते शेवट. चुकले तर काठी आपट हं, आजी."

काठी दोनदा आपटली. मग आपटली नाही.

आता शनिवारी ती नात गोष्ट सांगते. मी आजही जळतो.

मित्रांनो, मला पुसा, ओल लागू देऊ नका, सेल वेळेवर बदला. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी एकट्या माझ्या भरवशावर सोडू नका. मी किती हेवेखोर आहे, ते तुम्ही ऐकलंच.