चेपलेलं नाक

समुद्राच्या तळावर आदळलेली पाणबुडी कशीबशी गोदीत परतली. नाक पार चेपलेलं बघून सगळे हळहळत होते. मी वेल्डर. म्हटलं, "नाकाचं काय घेऊन बसलात!" आतल्या जाड कवचावर हातोडीने ठोकत फिरलो. कुठेच तडा नव्हता. बाहेरच्या पत्र्याने मार खाल्ला, म्हणून आतली माणसं वाचली. त्यांत माझा जावईही होता.

संध्याकाळी तो जेवायला आला. अंगावर ओरखडाही नव्हता. "बाबा, तळ बघून आलो. जागा काही बरी नाही!" आम्ही पोट धरून हसलो.

तेवढ्यात स्वयंपाकघरात पातेलं पडलं. त्याने दोन्ही हातांनी टेबल गच्च धरलं आणि डोळे मिटले.

"बाबा, आतून नीट तपासलंत ना?" डोळे न उघडताच त्याने विचारलं.

"तपासलं," मी म्हणालो.

लेक त्याची बोटं सोडवत होती. ती सुटेचनात.