पुलावरचे दोन सेकंद

आमच्या धंद्यात चूक सापडली की तिला नंबर मिळतो. यादीतली चूक क्रमांक एक बाबांची होती, आणि ती दुरुस्त केली मी. केली त्या दिवशी अख्ख्या मजल्याला केक वाटला. एवढी मी शहाणी.

‘नकाशेवाली’ हा तीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम. नकाशे काढणारी एक बाई हरवलेल्या दरीत उतरते आणि भुयारं, सापळे, दगडी राक्षस पार करत पलीकडे जाते. लहानपणी तो खेळलेल्यांची आता पोटं सुटलीत, पण नुसतं नाव काढलं तरी त्यांचे डोळे चमकतात. सहा जणांनी मिळून तो बनवला होता आणि त्यातला झुलता पूल बाबांचा होता. तोच गेम नव्या कन्सोलसाठी पुन्हा बनवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं, तेव्हा पुलाचा भाग मी हट्टानं मागून घेतला.

पुलावर राक्षस मागे लागतो, बाई जिवाच्या आकांतानं पळते आणि तिच्या पायाखालच्या बेचाळीस फळ्या एकामागून एक दरीत कोसळतात. जुन्या यंत्राला एवढ्या फळ्या झेपायच्या नाहीत. त्या पडायला लागल्या की यंत्राला धाप लागायची आणि पडद्यावरचं सगळं रखडायचं. तेव्हाच्या एका मासिकानं लिहिलं, ‘गेम उत्तम, पण पुलावर लंगडतो.’ बाबांच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी ती लाइनच सोडली आणि पुढे आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. घरात त्या गेमचं नाव काढायची सोय नव्हती.

नवा कन्सोल बेचाळीस काय, बेचाळीस हजार फळ्या हसत हसत पाडतो. आमच्याकडे एक सहकारी आहे, त्याला आम्ही मोजपट्टी म्हणतो. सेकंदाला साठ चित्रं पडद्यावर आलीच पाहिजेत, एकोणसाठ आली तर त्याचं जेवण गोड लागत नाही. त्यानं माझा पूल तपासला आणि चक्क मान डोलावली. मी चूक क्रमांक एकपुढे हिरवी खूण केली. बाबांचं नाक तीस वर्षांनी वर केलं, असं मला खरंच वाटलं होतं.

आणि मग तो पूल कुणालाच पार होईना.

चाचणीसाठी खेळायला बोलावलेले लोक विसाव्या फळीच्या आसपास पडायचे. पुन्हा पडायचे. दहाव्या वेळी कंट्रोलर खाली ठेवून पाणी मागायचे. मी पूल आखूड केला, तर लोक जांभया देत पलीकडे गेले. बाईला जोरात पळवलं, तर ती राक्षसापासून पळतेय असं वाटेना, बस सुटतेय असं वाटायला लागलं. शेवटी आमच्या प्रमुख मॅडमनी मला बोलावलं.

“शुक्रवारी बारा जण खेळायला येताहेत, सगळे जुने भक्त,” त्या म्हणाल्या. “निम्मे तरी तीन प्रयत्नांत पार झाले पाहिजेत. नाहीतर पूल काढू आणि तिथे व्हिडिओ टाकू. लोक नुसते बघतील.”

बाबांचा पूल, आणि लोकांनी नुसता बघायचा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी मी आईबाबांकडे गेले आणि जुनं यंत्र मागितलं. आईनं कपाटावरून धूळ झटकत ते काढलं. “घे, ही माझी सवत,” ती म्हणाली. “अकरा महिने हिच्यापायी हा माणूस घरात असून नसल्यासारखा होता.” बाबा पेपरात डोकं घालून बसले.

मी दुसऱ्याच प्रयत्नात पूल पार केला. मी, जी स्वतःच्या पुलावरून शंभरदा पडलेय! पुन्हा खेळले, या वेळी हातात घड्याळ घेऊन. सहा सेकंद. आमचा पूल चार सेकंदांत संपतो. आम्ही सगळे आकडे जुन्या कागदांतून जसेच्या तसे उचलले होते आणि कागदावर चारच होते. पण यंत्र धापा टाकत त्याचे सहा करायचं. ते दोन सेकंद कुणी कुठेच लिहिले नव्हते, आणि माणसांना पलीकडे नेत होते तेच. मी ते पुसले होते, वर केकही वाटला होता.

“बाबा,” मी म्हटलं, “मला तुमची चूक परत हवीये.”

पेपर खाली आला. “थट्टा करतेस?”

“नाही. ती चूक नव्हतीच. पूल पार होतो तो तिच्यामुळेच.”

“म्हणजे आता एवढं महागडं यंत्र घेऊन मुद्दाम लंगडायचं? एकदा हसले लोक ते पुरे नाही झालं?” ते उठून बाल्कनीत गेले आणि मी निघेपर्यंत आत आले नाहीत.

सोमवारी मी माझ्या हिशेबानं पुलावरचा वेळ ताणला. सगळं सारखंच संथ केलं. मोजपट्टीनं दोनदा बघितलं आणि म्हणाला, “बाईला झोप आलीये का?” राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता. मंगळवारही त्याच खटपटीत गेला.

बुधवारी दुपारी खालून फोन आला, तुमचे वडील आलेत. बाबा वर आले ते कुरकुरतच. “तुमच्या लिफ्टचं दार घासतंय, सांगून ठेवा कुणाला तरी.” मग पिशवीतून एक वही काढून माझ्या टेबलावर आपटली. “तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. घे.”

पानापानांवर फळ्यांचे नंबर होते आणि प्रत्येक फळीपुढे यंत्र किती रखडलं ते बारीक अक्षरात लिहिलेलं. ती धाप घालवण्यासाठी अकरा महिने त्यांनी ती रोज मोजली होती.

“पहिल्या नऊ फळ्यांना काही होत नाही,” बाबा बोट ठेवत म्हणाले. “दहावीपासून दम लागतो. सव्विसावीला सगळ्यात वाईट. पस्तिसावीनंतर सुटतं आणि एकदम पळतं.”

“आणि संगीत? तेही रखडायचं?” मोजपट्टीनं विचारलं.

“ते कशाला रखडेल? ते वेगळ्या चिपवर होतं. ते आपलं चालूच.”

मी आणि मोजपट्टीनं एकमेकांकडे बघितलं. मी संगीतही संथ केलं होतं! पाय जड होतात, पण छातीतला ठोका तसाच धडधडत राहतो, ही खरी गंमत होती. गुरुवारी दिवसभर आम्ही बेचाळीस फळ्यांचे बेचाळीस आकडे वहीतून एकेक करून भरले. साठ चित्रं साठच राहिली. ताणला तो फक्त पुलावरचा वेळ. मोजपट्टी बाबांना ‘सर’ म्हणायला लागला. मला आजवर कधी म्हटलं नाही मेल्यानं.

शुक्रवारी बारा जण आले. बाबा काचेमागे माझ्याशेजारी उभे होते, हाताची घडी घालून, तोंड कडू करून. पहिला पडला, पुन्हा खेळला आणि पार झाला. दुसरा पहिल्याच झटक्यात. चौथ्यानं पलीकडे पोचल्यावर खुर्चीतच दोन्ही हात वर केले. अकरा जणांत नऊ जण पार, मी बोटं मोजत होते. शेवटी एक बस चालवणारी बाई उरली होती. ती दोनदा पडली. तिसऱ्यांदा सव्विसावी फळी आली तशी ती खुर्चीतून चक्क उठून उभी राहिली, ओठ चावत खेळत राहिली आणि पलीकडे पाय टेकताच अशी ओरडली की काच हादरली.

“पूल राहतोय,” मॅडम म्हणाल्या. मी मोजपट्टीला मिठी मारली. बिचारा लाकडासारखा ताठ झाला.

वळून बघते तर बाबा शेजारी नव्हते. ते आत जाऊन त्या बाईसमोर उभे होते.

“पुलावर जरा रखडल्यासारखं वाटतं का हो?” त्यांनी विचारलं.

“वाटतं ना!” ती घाम पुसत म्हणाली. “लहानपणीही असंच व्हायचं. आता पडणार, मेले, असं वाटायचं आणि तेवढ्यात सगळं हळू व्हायचं. मला वाटायचं, ज्यानं हा पूल बांधलाय तो कुठून तरी मला बघतोय आणि म्हणतोय, थांब, घाबरू नकोस, तुला वेळ देतो.”

बाबांनी हाताची घडी सोडली.

“मी बांधलाय तो,” ते म्हणाले.