हातापलीकडचं बटण

मित्रांनो, मला टीव्ही म्हणू नका. मी एक जुना मॉनिटर आहे. माझं उमेदीचं वय इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात गेलं. दहा वर्षं माझ्यावर परक्यांच्या घरांचे जिने आणि खिडक्या आखल्या गेल्या. "रेघ कशी स्वच्छ दाखवतो!" असं कौतुकही झालं. मग मोठे पडदे आले आणि मी अडगळीत गेलो. कामापुरता मामा, दुसरं काय!

तिथे नकाशे काढणाऱ्या एका मुलीने मला घरी नेलं. तिचे वडील पूर्वी लिफ्टमन होते. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली होती. मुलगी कामावर गेली की ते दिवसभर खाटेवर एकटेच असत. तिने मला केबल टीव्हीचा डबा जोडला आणि मला आवाज नाही, म्हणून त्या डब्याला एक स्पीकर जोडला. पहिल्या दिवशी फुटबॉलचा सामना लागला, तेव्हा ते चक्क रडले. मलाही भरून आलं.

पण माझ्यात एक खोट होती. रिमोट होता तो डब्याचा. वीज जाऊन आली की डबा आपोआप सुरू होई, स्पीकर बोलू लागे, मी मात्र काळाच. माझ्या खालच्या कडेचं बटण कुणीतरी दाबावं लागे. केबलची वायर तोकडी होती, म्हणून माझं टेबल खाटेपासून चार पावलं दूर होतं.

"जन्मभर लोकांसाठी बटणं दाबली," ते हसून म्हणत, "आता एक दाबायला माणूस शोधतोय."

सुरुवातीला हाक मारली की शेजारच्या काकू येत. एकदा जाताना त्या दारात पुटपुटल्या, "किती वेळा उठायचं माणसाने?" ते खाटेवरच्या वडिलांच्या कानावर पडलं. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. वीज जाऊन आली की नुसता आवाज ऐकत ते संध्याकाळपर्यंत माझ्या काळ्या काचेकडे बघत राहत.

"लांब वायर आणलीस का गं?"

"राहिलीच बाबा. उद्या नक्की आणते."

हा उद्या दोन महिने चालला. मुलगी वाईट नव्हती, मित्रांनो. दमलेली होती.

एका दुपारी सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत वीज गेली आणि लगेच आली. स्पीकरमधून लोकांचा आरडाओरडा येऊ लागला. ते भिंत धरून उठले. तीन पावलं टाकली. चौथ्याला पाय वळला. पडता पडता त्यांचा हात माझ्या कडेवर आपटला, बोट बटणावर बसलं आणि मी लागलो. त्यांचं तोंड जमिनीकडे होतं. त्यांनी दोनदा हाक मारली. स्पीकरचा आवाज त्या हाकेपेक्षा मोठा होता.

मुलगी सहाला आली. चपला काढताना तिला दारातूनच माझा उजेड दिसला.

"आज लाइट गेली नाही वाटतं, बाबा?" ती म्हणाली. तिला बरं वाटलं होतं.

आठव्या दिवशी ते हॉस्पिटलमध्ये वारले. आता मला भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. तिने मला फेकलं नाही आणि परत लावलंही नाही.

माझी काच पुसत जा, वायरी जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. ते राहू दे. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर एकदा त्यांच्या जागी आडवे व्हा आणि हात लांब करून बघा, कुठवर पोचतो ते. जे हाताला लागणार नाही, ते आजच जवळ आणून ठेवा.